केबलचा दोष नव्हता

पुणे, ५ ऑगस्ट २०२४

प्रिय मामा,

जय भीम. तुमचं पत्र येऊन वीस दिवस झाले आणि उत्तर आज लिहायला बसले. लोणी काळभोर काही परदेशात नाही, तरी मार्चपासून माझं तुमच्याकडे येणं झालेलं नाही. हॉस्पिटलमधून सुटते, स्वारगेटला बसमध्ये उभी राहते आणि घरी पोचेपर्यंत अंगात काही उरत नाही. आई म्हणते, "मामाला मोबाइलवर लिही की." पण तुमचं म्हणणं मला पटलंय. कान गेल्यावर फोनचा उपयोग नाही, आणि अंगठ्याने टाइप केलेल्या दोन ओळींना तुम्ही पत्र मानत नाही. दिवसभर स्क्रीन बघून झाल्यावर मलाही कागद बरा वाटतो.

मी नेमकं काय काम करते, असं तुम्ही विचारलंत. जिन्याखाली एक थंडगार खोली आहे. आत दोन सर्व्हर आहेत, म्हणजे सगळ्या हॉस्पिटलची माहिती सांभाळणारे मोठे कॉम्प्युटर. ते लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा. मान्य असेल तर ते गप्प राहतात, चुकलं असेल तरच बोलतात. पुण्याचेच म्हणायचे. ते नीट चालले की लोक विचारतात, या बाईला काम काय असतं? आणि बंद पडले की विचारतात, ही बाई करते काय?

सध्या दुसरा प्रश्न चालू आहे. जुलैपासून एक विचित्र दोष मागे लागलाय. तळमजल्यावरच्या लॅबमध्ये रक्ताची तपासणी झाली की तिथल्या कॉम्प्युटरवरून रिपोर्ट सर्व्हरवर येतो आणि वरच्या वॉर्डांत डॉक्टरांना दिसतो. तो मध्येच यायचा थांबतो. रोज नाही, सारखा नाही. मी धावत जाऊन बघते तर सगळं ठीक. सर्व्हर जिवंत, लॅबचा कॉम्प्युटर जिवंत. आमच्यात हाक मारून बघायची सोय असते, तिला पिंग म्हणतात. हाक मारली की लगेच ओ येते. तरी रिपोर्ट येत नाही.

मग मथुराबाई छापील रिपोर्ट घेऊन चार मजले चढतात. त्या आमच्याकडे वॉर्डच्या मावशी आहेत, साठीला आलेल्या. लिफ्ट पेशंटसाठी राखीव. परवा जिन्यात थांबून मला म्हणाल्या, "मॅडम, तुमचं मशीन बसलं की माझे गुडघे उठतात."

तुम्ही भोसरीच्या कंपनीत इतकी वर्षं टेलिफोन एक्सचेंज सांभाळलंत. कधी असतो, कधी नसतो असा दोष तुम्ही कसा पकडायचात?

तुमची,
कल्याणी


लोणी काळभोर, ११ ऑगस्ट

चि. कल्याणी,

जय भीम व आशीर्वाद. तुझं अक्षर बिघडलंय. तुझी मामी म्हणते, पोर जेवत नसणार.

कायमचा बंद पडलेला फोन दुरुस्त करायला अक्कल लागत नाही. मधूनमधून बंद पडणारा फोन माणसाचं पाणी जोखतो. अशा वेळी मी हत्याराला हात लावायच्या आधी वही काढायचो. दोष आला की तारीख, वेळ, हवा कशी, कोण काय करत होतं, सगळं लिहायचं. आठ-दहा नोंदी झाल्या की वही स्वतःच बोलायला लागते. आणि दोष सुरू व्हायच्या आधी काय बदललं, ते विचार. लोक "काहीच नाही" म्हणतील. काहीतरी बदललेलं असतंच.

एक्सचेंजचं काम मला फार आवडायचं. पुढे त्या घणघणाटाचा कंटाळा आला म्हणून मीच अर्ज करून स्टोअरला गेलो, हे तुला ठाऊक आहे. पण कधीकधी अजून स्वप्नात बोर्ड दिसतो.

त्या मथुराबाईंना सांग, जिना चढताना कठड्याकडून चढावं.

तुझा,
दशरथमामा


पुणे, २४ ऑगस्ट

प्रिय मामा,

वही केली. अकरा नोंदी झाल्या आणि अकराही दुपारी एक ते साडेतीनच्या मधल्या निघाल्या. मी तुमचं नाव काढलं आणि लगेच पुन्हा डोकं धरून बसले, कारण दुपारी एकला असं होतं तरी काय? ओपीडी बंद होते, लोक डबा खातात. एवढंच.

बदल काय झाला तेही शोधलं. जूनमध्ये लॅबचं फर्निचर नवीन केलं, तेव्हा तिथल्या सगळ्या केबल काढून पुन्हा टाकल्या. ते काम उत्तरेश्वर माने यांनी केलं. आमच्याकडे ठेकेदारामार्फत आहेत, चाळिशीचे, बोलणं कमी. प्रत्येक केबलला चिठ्ठी लावतात, अक्षर तुमच्यासारखं. लॅबमधली माणसं दुपारी टेबलाशीच जेवतात, खुर्च्या सरकवतात, त्यात एखादी जोडणी हलत असेल असं सगळ्यांचं मत पडलं.

मंगळवारी फार वाईट झालं. एका आजोबांचं ऑपरेशन होतं. सकाळपासून उपाशी ठेवलेलं. त्यांचा रिपोर्ट सव्वा वाजता तयार झाला, पण मथुराबाई रजेवर, छापील कुणी नेला नाही, आणि वर पोचला साडेतीनला. तोवर सर्जन दुसरीकडे गेले. आजोबांना दुसऱ्यांदा परत पाठवलं. त्यांची सून माझ्या खोलीच्या दारात आली. ओरडली नाही. नुसतं विचारलं, "ताई, उद्या पण त्यांना उपाशी ठेवायचं का?"

संध्याकाळी मीटिंग झाली. आमचे मॅनेजर अभिनव सर सगळ्यांसमोर म्हणाले, "कल्याणी, दीड महिना झाला. मला तोंडी काही नको. आज कारण लेखी दे." मी सकाळी सातपासून पायांवर होते. मी लिहून दिलं: लॅबकडील केबलमध्ये दोष असण्याची शक्यता आहे, सदर जोडणी श्री. उत्तरेश्वर लिंबाजी माने यांनी केली होती. मीटिंगमधल्या नऊ जणांना पाठवलं आणि घरी येऊन न जेवता झोपले.

आता लॅबच्या केबल पुन्हा टाकणार आहेत. बघू. माने गुरुवारपासून दिसले नाहीत, ठेकेदाराने दुसरीकडे पाठवलं असेल.

कल्याणी


लोणी काळभोर, ३० ऑगस्ट

चि. कल्याणी,

पत्र मिळालं. दोनच गोष्टी विचारतो.

केबलमध्ये दोष आहे हे तू तपासलंस का? तपासलं असशील तर काय दिसलं?

आणि तो माणूस कुठे गेला?

"शक्यता" हा शब्द ऑफिसात फार टिकत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद जाईस्तोवर तो गळून पडतो. नाव तेवढं राहतं.

मामा


पुणे, ९ सप्टेंबर

प्रिय मामा,

कळवायला आनंद वाटतो की दोष सापडला. अगदी छोटासा होता. बुधवारी दुरुस्त केला, तेव्हापासून एकही रिपोर्ट अडकलेला नाही. अभिनव सर खूश आहेत. मथुराबाई पेढा घेऊन आल्या होत्या.

गणपती बसले. स्वारगेटला बस पोचायला दीड तास लागतो. आईची तब्येत बरी. तुमच्या अभयदादाच्या कॉलेजला सुट्टी कधी लागते? मामींना नमस्कार.

कल्याणी


लोणी काळभोर, १६ सप्टेंबर

चि. कल्याणी,

दोष सापडला, फार छान झालं. मी मामीला म्हणालो, भाची कुणाची आहे!

पण काय सापडलं ते तू लिहिलंच नाहीस. मला समजणार नाही असं वाटलं का? अगं, दोन महिन्यांचा दोष सापडल्यावर माणूस चार पानं लिहितो. मी तर गल्लीतल्या लोकांना धरून सांगत असे. तू तीन ओळींत उरकलंस आणि पुढे लगेच गणपती.

कामाचा ताण आहे, समजतो. सवडीने लिही. अभयला दिवाळीत सुट्टी आहे.

मामा


पुणे, ६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आज रविवार आहे, आई विहारात गेली आहे, घरात कुणी नाही, म्हणून पुरं करते.

दोष माझा होता.

नीट सांगते. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतात, आकड्यांमधला. जूनच्या शेवटी मी एक जादा कॉम्प्युटर बसवला. सर्व्हर जळला-बिळला तर माहिती वाचावी म्हणून तो रोज सगळ्याची नक्कल काढून ठेवतो. दुपारी ओपीडी बंद असते म्हणून मी त्याला वेळ लावून दिली. एक वाजता आपोआप सुरू होतो, साडेतीनला बंद. त्याला पत्ता देताना मी एक आकडा निवडला आणि तो मोकळा आहे का म्हणून हाक मारली. ओ आली नाही. मोकळा आहे समजून देऊन टाकला.

तो लॅबच्या कॉम्प्युटरचा पत्ता होता, मामा. त्या दिवशी फर्निचरच्या कामासाठी लॅबचा कॉम्प्युटर बंद होता, म्हणून ओ आली नाही. सर्व्हरमधली नोंद उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. त्या दिवशी माझी सतरा कामं राहिली होती. मी बघितलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी एका पत्त्यावर दोन यंत्रं. सर्व्हर रिपोर्ट मागायला जायचा आणि कधी या दारात पोचायचा, कधी त्या. मी हाक मारायचे तेव्हा ओ यायची, पण पुष्कळदा ती लॅबची नसायचीच. माझंच नक्कल काढणारं यंत्र मला ओ देत होतं आणि मी सगळ्यांना सांगत होते, लॅबचा कॉम्प्युटर जिवंत आहे.

तुमचं "तपासलंस का" हे पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, चार सप्टेंबरला, मी पुन्हा मुळापासून सुरुवात केली. आणखी एका तऱ्हेने हाक मारता येते, त्यात ओ देणाऱ्याचा कारखान्यातून आलेला नंबरही दिसतो. दुपारी दीड वाजता मी ती मारली. एका हाकेला दोन नंबरांनी ओ दिली. मी दोन्ही नंबर कागदावर उतरवले. एक ओळखीचा होता. तो मी जूनमध्ये स्वतःच्या हाताने त्या नक्कल काढणाऱ्या यंत्राच्या खोक्यावरून वहीत लिहून घेतला होता.

पत्ता बदलायला चार मिनिटं लागली. मग मी दार लावून खुर्चीवर बसून राहिले. अभिनव सर डोकावले, "झालं का?" मी म्हणाले, "झालं." ते म्हणाले, "शेवटी केबलच ना?" माझ्या गप्प बसण्याला ते हो समजले आणि मी समजू दिलं.

अजून एक तुमच्यापासून लपवलं होतं. मी ती चिठ्ठी लिहिली त्याच दिवशी दुपारी माने टेस्टर घेऊन आले होते. माझ्यासमोर एकेक केबल तपासली. म्हणाले, "मॅडम, केबल ओके आहे. दुसरीकडं बघा." मी त्यांच्यासमोर मान डोलावली आणि चार तासांनी त्यांचं नाव लिहिलं.

त्यांना दुसरीकडे पाठवलेलं नाही. काढून टाकलंय. मथुराबाईंनी सांगितलं. त्या आणि माने जनता वसाहतीत एकाच चाळीत राहतात. म्हणाल्या, "सरळ माणूस. त्याच्या हातून असं कसं झालं, कळत नाही." पेढा देताना हे म्हणाल्या. मी तो पेढा खाल्ला.

मी ठरवलंय, येत्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन खरं सांगायचं, माफी मागायची. ऑफिसात आता सांगून काय होणार? दोष गेला, केबल नव्या टाकून झाल्या, कुणाला काही विचारायचं नाही. माझ्या नोकरीवर घर चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. अभयदादाला यातलं काही सांगू नका.

कल्याणी


लोणी काळभोर, ११ ऑक्टोबर

चि. कल्याणी,

तुझं पत्र काल आलं. रविवारी जाण्याआधी तुला हे मिळावं म्हणून अभयबरोबर पाठवतो आहे. पाकीट चिकटवलेलं आहे, तो उघडणार नाही.

मी अर्ज करून स्टोअरला गेलो नव्हतो. ते मी तुझ्या आईला सांगितलं, तुझ्या मामीला सांगितलं, पुढे तुम्हा पोरांना सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मलाही पाठ झालं.

१९९३ सालची गोष्ट आहे. फाउंड्रीत एका कामगाराच्या हातावर तापलेला रस उडाला. तिथल्या माणसाने एक्सचेंजला फोन लावला, गाडी मागवायला. माझ्या बोर्डावर घंटी वाजली नाही. शेवटी एक जण पळत आला. वीस मिनिटं गेली. त्या कामगाराचा हात वाचला, पण बोटं पुन्हा मिटली नाहीत.

चौकशी झाली. माझा डावा कान तेव्हाच अधू होता, सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, घंटी वाजलीच नाही. साहेब म्हणाले, "वाजली असेल, तुम्हाला ऐकू आली नसेल." यावर माणूस काय उत्तर देणार? बहिऱ्याने नाही ऐकलं म्हटलं तर तो बहिराच ठरतो. माझ्या नोकरीच्या नोंदवहीत शेरा पडला आणि मी स्टोअरला गेलो. पुढची अठरा वर्षं नट-बोल्ट मोजले.

खरा प्रकार असा की बद्रीनाथ म्हणून ज्युनिअर इंजिनिअर होता. त्याने नव्या साहेबाच्या केबिनला फोन द्यायला फाउंड्रीची तार आदल्या दिवशी काढली होती. परत जोडायची राहिली. अपघात झाला त्याच संध्याकाळी त्याने ती गुपचूप जोडली. चौकशीत तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

हे मला कसं कळलं? मी रिटायर झालो त्या दिवशी निरोपसमारंभ झाला. हार घातला, फोटो काढला. गर्दी पांगल्यावर बद्रीनाथ जवळ आला, माझा हात धरला आणि कानाशी तोंड आणून बोलायला लागला. डोळ्यांत पाणी होतं. पण बोलत होता डाव्या कानात. मला निम्मं कळलं, निम्मं त्याच्या ओठांवरून लावून घेतलं. बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलेलं दिसलं. माझ्या पाठीवर थोपटून गेला. दोन वर्षांनी वारला.

तो वाईट माणूस नव्हता. दमलेला होता, तुझ्यासारखाच. पण नोंदवहीतला शेरा तसाच राहिला. मला एकट्याला सांगून त्याने स्वतःचं ओझं उतरवलं, माझं नाही.

तू त्या मान्यांच्या घरी जा, जाऊ नकोस, तुझं तू ठरव. त्यांना स्वतःचं खरं आधीच माहीत आहे. केबल त्यांनी तपासली होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. जिथे लिहिलंस तिथेच लिही, ज्यांना पाठवलंस त्यांनाच पाठव.

नोकरीचं मी काही सांगू शकत नाही. तुझ्या आईची काळजी मलाही आहे. तू काय करशील त्यावर आपलं नातं अवलंबून नाही, एवढं लक्षात ठेव.

मामा


पुणे, २७ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुमचं पत्र अभयदादाने हातात दिलं तेव्हा मी सर्व्हरच्या रॅकमागे वाकून केबल शोधत होते. तिथेच खाली बसून वाचलं. रविवारी चाळीत गेले नाही.

सोमवारी लिहायला घेतलं. खरं तर पाच ओळींचं काम, दोन दिवस लागले. पहिल्यांदा लिहिलं ते इतकं तांत्रिक झालं की कुणाला माझी चूक कळलीच नसती. मग सगळं खोडून साधं लिहिलं. पत्ता मी चुकीचा दिला, नोंद तपासली नाही, केबल निर्दोष असल्याचं मला दाखवलं गेलं होतं, तरी मी तसं लिहिलं, आणि खरं कारण कळल्यावर दीड महिना गप्प राहिले. बुधवारी सकाळी त्याच नऊ जणांना पाठवलं.

दहा मिनिटांत अभिनव सर खाली आले. दार लावून घेतलं.

"हे कशाला केलंस? कुणी विचारत होतं का?"

"नव्हतं."

"मग? मी वर सांगितलंय केबल म्हणून. आता काय सांगू?"

"जे लिहिलंय ते सांगा, सर."

ते सर्व्हरच्या दिव्यांकडे वळले. मग म्हणाले, "तू दमलेली दिसत होतीस. मीच त्या दिवशी लेखी दे म्हणून मागे लागलो." आणि गेले. मला वाटलं, निभावलं. शुक्रवारी मेमो आला. तीन महिने सर्व्हरचा मुख्य पासवर्ड माझ्याकडे नाही. प्रत्येक बदलाला सरांची परवानगी. आता साधी प्रिंटरची रांग मोकळी करायची तरी त्यांना बोलावते, ते दोन बोटांनी पासवर्ड टाकतात आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. नोकरी आहे. यंदाची पगारवाढ नाही, हे आईला सांगितलं. तिने कारण विचारलं, तेही सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि भाकऱ्या थापत राहिली.

ठेकेदाराने मान्यांना परत बोलावलं. ते नाही म्हणाले. हडपसरला कुणाकडे तरी कॅमेऱ्यांच्या वायर टाकतात. पण काल ते हॉस्पिटलला आले, थेट माझ्या खोलीत. मी उठून उभी राहिले. त्यांना बसा म्हणाले, ते बसले नाहीत.

"मथुरामावशी म्हणाल्या, तुम्ही कागद काढलाय. मला त्याची एक कॉपी पाहिजे. नवीन जागी विचारतात, हॉस्पिटलनं का काढलं."

मी छापून दिला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, बोट ठेवून, सगळा. मग बोट एका ओळीवर थांबवलं.

"'संबंधित केबलिंग कर्मचाऱ्याचा यात कोणताही दोष नाही.' हा कर्मचारी म्हणजे मी?"

"हो."

"पहिल्या कागदात माझं नाव होतं ना, मॅडम? बापाच्या नावासकट होतं. ठेकेदारानं दाखवलं मला."

मामा, माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. आपण फार मोठं काहीतरी केलं असं मला बुधवारपासून वाटत होतं.

मी म्हणाले, "बसा, लगेच बदलते." या वेळी ते बसले. मी पुन्हा लिहिलं, श्री. उत्तरेश्वर लिंबाजी माने यांचा यात कोणताही दोष नाही, आणि त्यांच्यासमोर पुन्हा नऊ जणांना पाठवलं. नवा कागद छापून, सही करून दिला. त्यांनी नावातलं एकेक अक्षर बघितलं, घडी घालून खिशात ठेवला.

मी म्हणाले, "मला माफ करा."

ते म्हणाले, "हां." एवढंच. माफ केलं असंही नाही, नाही असंही नाही. मी आणखी काही ऐकायला थांबले होते, पण माझ्यासाठी त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि का असावं? दारात वळून रॅककडे बघत म्हणाले, "ती मागची पिवळी केबल ताणलीय. ढिली करून घ्या, नाहीतर खरंच दोष येईल."

ते गेल्यावर मी ती ढिली केली. त्याला परवानगी लागत नाही.

खूप थकलेय मामा. पण काल रात्री झोप लागली.

तुमची,
कल्याणी


लोणी काळभोर, ३ नोव्हेंबर

चि. कल्याणी,

जय भीम. तुझं पत्र शुक्रवारी आलं. दोनदा वाचलं. मान्यांनी नाव विचारलं तिथे दोन्ही वेळा थांबलो.

तू केलंस ते योग्य केलंस. तीन महिने जातील. पासवर्ड परत मिळेल, नाही मिळाला तर दुसरीकडे मिळेल. आईला मी वेगळं पत्र लिहिलंय.

मला बरं वाटलं, समाधान वाटलं, असं काहीतरी तुला लिहावं म्हणून काल सकाळी कागद घेऊन बसलो. पण खोटं कशाला लिहू? बरं नाही वाटलं. राग आला. इतका आला की पेन खाली ठेवावं लागलं. बद्रीनाथचा आला, त्या साहेबाचा आला, माझ्या नोंदवहीत कुणीतरी सुबक अक्षरात माझं पूर्ण नाव घालून तो शेरा लिहिला, त्याचा आला. चौकशीच्या खोलीत मी उठून ओरडायला हवं होतं, मी नुसतं "बरं साहेब" म्हणून बाहेर आलो, त्याचा तर फारच आला. एकतीस वर्षं मला वाटत होतं, मी ते केव्हाच विसरलो.

मामी स्वयंपाकघरातून आली. माझ्याकडे बघितलं. मला ऐकू यावं म्हणून ती नेहमी समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलते. मी म्हणालो, "हिरा, मला कंपनीचा राग आलाय."

तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आत्ता आला होय? बरं झालं. चला, जेवून घ्या."

तुझा,
दशरथमामा